गवताच्या ठशावरून जुनं हवामान वाचताना: थरापासून पेशीपर्यंत

झाडाची पानं गळतात, वाऱ्याने उडतात, तळ्यात पडून गाळात गाडली जातात. गवताचं पातं सहसा गळत नाही. ते बुडख्याला धरून जागच्या जागी वाळतं, चिरफाळतं आणि कुजून जातं. जगात गवताच्या ११ हजारांहून जास्त जाती असूनही पात्याचा चांगला ठसा दगडात क्वचित सापडतो तो यामुळेच. तो सापडला की घाईने एक निष्कर्ष निघतो: इथे कुरण होतं, हवा कोरडी होती. पण नळ आणि बोरू हीसुद्धा गवतंच, आणि ती पाण्यात पाय बुडवून वाढतात. बांबूही गवतच, आणि त्याचं घर जंगल.

गवताचा ठसा सापडला म्हणजे गवताळ प्रदेश सापडला असं नव्हे. ठशाचं खरं मोल तीन गोष्टींत असतं: पातं थरात कसं पडलं आहे, त्याच्या शिरा आणि पेशी कशा आहेत, आणि त्याच्या खाली माती कोणती आहे. ही तिन्ही माहिती जमेपर्यंत हवामानाबद्दल बोलू नये. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

कुठल्या खडकात शोधायचं

आधी साधं गणित करा. गवताच्या पर्णरंध्राची लांबी साधारण २० ते ४० मायक्रॉन असते आणि लांब पेशींची रुंदी त्याहूनही कमी. पोयट्याचा कण ४ ते ६३ मायक्रॉनचा आणि वाळूचा त्याहून मोठा. म्हणजे वाळूच्या खडकात पेशींचा ठसा उमटूच शकत नाही, फार तर कांडी आणि ठळक शिरा उमटतील. पेशी बघायच्या असतील तर अगदी बारीक चिकणमातीचा शेल (दाबून पापुद्र्यांचा झालेला खडक), तळ्यात पापुद्र्यापापुद्र्याने साचलेला गाळ, डायटमाइट (डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ) किंवा ज्वालामुखीची बारीक राख शोधावी. चुनखडीच्या झऱ्याकाठी साचलेल्या टुफात कांड्या सुंदर मिळतात, पण त्या नेमक्या पाण्याकाठच्या असतात. रानाबद्दल त्या फारसं बोलत नाहीत.

राखेचं एक वेगळं महत्त्व आहे. ती उभं गवत जागेवरच गाडते. केनियातल्या फोर्ट टर्नन इथे सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीचं गवत ज्वालामुखीजन्य थरात उभ्या अवस्थेत सापडलं, आणि काही पात्यांवर पर्णरंध्रं आणि सिलिकाच्या पेशीही ओळखता आल्या. असा थर हाती लागला तर घाईने छिन्नी मारू नये. का, ते पुढे मातीच्या भागात कळेल.

उत्तर अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत ओगलाला थरांमध्ये पात्यांऐवजी गवताच्या बियांची सिलिका झालेली टरफलं मिळतात. ती ठसे नसतात, पण जाती ओळखायला पात्याहून भरवशाची. म्हणून ठशाच्या थरातला दोनतीन किलो भुगा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्याखाली चाळून बघण्याची सवय ठेवावी.

थर उघडण्याआधी

जमीनमालकाची आणि कायद्याने लागणारी परवानगी हातात असू द्या. मग आधी थरांचा उभा छेद मोजा: खालून वर, प्रत्येक थराची जाडी सेंटिमीटरमध्ये, रंग ओला आणि कोरडा असा दोन्ही, कणांचा आकार, मुळांच्या खुणा, चुन्याच्या गाठी. ठशाचा थर या छेदात नेमका कुठे बसतो ते खडूने खडकावरच मांडून फोटो घ्या. ही नोंद नसलेला ठसा दिसायला कितीही देखणा असला तरी हवामानाच्या कामी येत नाही.

त्यानंतर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा चौकोन आखून थर वरून साफ करा. चौकोनातल्या किमान ५० पात्यांची आणि कांड्यांची दिशा होकायंत्राने मोजा. थर तिरका झाला असेल तर त्याचा कल आणि दिशाही लिहा, नंतर दुरुस्ती करता येते. सगळ्या कांड्या एकाच दिशेने लोळलेल्या असतील तर पाण्याने किंवा राखेच्या लोटाने त्या लोळवल्या. सुटे तुकडे असतील तर वाहून आलेले, म्हणजे वरच्या अंगाच्या कुठल्या तरी काठाचा माल. खाली मुळं, वर कांडी आणि मध्ये बुडखा अखंड दिसला तर गवत तिथेच उगवलेलं. या तीन शक्यतांतली कुठली खरी ते वहीत ठळक लिहा. पुढच्या प्रत्येक अनुमानाची मर्यादा यावरून ठरते.

उभ्या कांड्या वरून बघितल्या तर २-४ मिलिमीटरच्या गोल चकत्या दिसतात आणि किड्यांची बिळं म्हणून सुटून जातात. शंका आली की एक छोटा उभा काप घ्या. पेर दिसलं तर प्रश्न मिटला.

दगड उकलणं

दोनतीन सेंटिमीटर रुंद पात्याची छिन्नी, हलकी हातोडी, दहा पट भिंग, मऊ ब्रश आणि भरपूर जुने कागद एवढ्यावर काम होतं. छिन्नी थराच्या कडेला लावून चारी बाजूंनी हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूने जोर लावला तर दगड थर सोडून तिरका फुटतो आणि ठसा मधोमध तुटतो.

उकललेल्या दोन्ही बाजू ठेवा, एकच नंबर देऊन अ आणि ब अशा. बरेच जण दुसरी बाजू आरशातली नक्कल समजून टाकून देतात. ज्या ठशात पात्याचा मूळ पदार्थ उरलेलाच नाही, तिथे खालच्या दगडावर पात्याच्या एका पृष्ठाचा ठसा असतो आणि वरच्या दगडावर दुसऱ्या पृष्ठाचा. गवताच्या पात्याची वरची बाजू बहुधा खाचाखाचांची असते आणि खालची सपाट, मध्यशिरेशी कण्यासारखी उठलेली. पर्णरंध्रं, लव, सिलिकाच्या पेशी दोन्ही बाजूंना वेगळ्या असू शकतात. टाकलेल्या दगडासोबत निम्मी अपित्वचा (पात्याचं बाहेरचं पेशींचं आवरण) गेली असं समजा. ठशात उंचसखल उलटं होतं हेही लक्षात ठेवा: पात्यावरची उठलेली शीर दगडात खाच होऊन येते.

काळपट कार्बनची पापुद्री असेल तर तिला बोट लावू नका, आणि डिंक तर मुळीच नको. ठसा पक्का करायला अॅसिटोनमधलं ३ ते ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ हे डिंकासारखं कृत्रिम रसायन वापरतात, पण ते सगळे नमुने काढून झाल्यावर. आधी लावलं की कार्बनच्या समस्थानिकांच्या मोजमापात या डिंकाचा कार्बन मिसळतो. ठशालगतचा ५० ते १०० ग्रॅम दगड अॅल्युमिनियमच्या वर्खात वेगळा बांधा, फायटोलिथ (वनस्पतीच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण) आणि कार्बनसाठी.

ओला शेल उन्हात ठेवला तर तासाभरात तडकतो. ओलसर कागदात गुंडाळून, छिद्रं पाडलेल्या पिशवीत, सावलीत दोनतीन आठवडे हळूहळू वाळवावा. आठवड्यातून एकदा उघडून बघा, बुरशी आली तर कागद बदला.

हे गवतच आहे का

समांतर शिरांचं लांब पातं एवढ्यावर गवत म्हणू नये. लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती, पाणकणीस आणि काही सूचिपर्णी झाडांची पानं दगडात गवतासारखीच दिसतात. एक्विसेटम या नेच्यांच्या जवळच्या, पेरापेरांच्या वनस्पतीची कांडीही फसवते.

गवताच्या कांडीवर फुगीर, भरीव पेर असतं आणि दोन पेरांमधलं कांडं बहुधा पोकळ असतं, म्हणून दगडात ते चपटं होऊन मधोमध लांबट सुरकुती पडते. पानाचा तळ कांडीला खोळीसारखा वेढतो, आणि खोळ संपून पातं सुरू होतं तिथे जिव्हिका नावाची छोटी पापुद्री किंवा केसांची ओळ असते. खोळ, जिव्हिका आणि पातं तिन्ही एकत्र दिसली तर बहुतेक वाद मिटतात. लव्हाळ्याच्या कुळात खोड बहुधा त्रिकोणी आणि भरीव, पानं तीन रांगांत, खोळ बंद. पाणकणसाच्या पानात शिरांना काटकोनात जवळजवळ आडव्या भिंती दिसतात, त्या हवेच्या कप्प्यांच्या. एक्विसेटमच्या कांडीवर पेराला दातेरी वलय असतं, आणि पेराच्या वरच्या व खालच्या कांड्याच्या उभ्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत, आळीपाळीने येतात. केळ-कर्दळीच्या गटात बाजूच्या शिरा मध्यशिरेतून कोनात फुटतात.

पेर नाही, खोळ नाही, पेशी नाहीत, नुसतं समांतर शिरांचं पातं आहे? मग त्याला पोआसाइटीस असं ढोबळ नाव देऊन थांबा. त्यात लाज नाही. अशा पात्याला आजच्या वंशाचं नाव चिकटवून त्या वंशाचं हवामान त्या थरावर लादणं ही या विषयातली सगळ्यात जुनी चूक आहे.

उजेड आणि साचा

फोटोसाठी दिवा दगडाच्या पातळीपासून १० ते १५ अंशांवर ठेवा. प्रकाश शिरांना समांतर पडला तर शिरा अक्षरशः गायब होतात. तो शिरांना काटकोनात पडला की उभ्या शिरा उठून दिसतात, आणि शिरांच्या दिशेने पडला की आडव्या जोडशिरा. म्हणून प्रत्येक ठशाचे दोन फोटो, पट्टीसह, आणि प्रकाश कुठून होता ते लेबलवर.

पेशी बघायला दगड सूक्ष्मदर्शकाखाली नेण्यापेक्षा साचा घेणं सोयीचं. दातांचा साचा घ्यायचं पातळ सिलिकॉन यासाठी उत्तम. आधी ठसा नसलेल्या कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. सच्छिद्र दगडात त्याचं तेल मुरून कायमचा डाग पडतो. मग ठशावर ब्रशने अगदी पातळ थर द्या, बुडबुडे फुंकून फोडा, आणि त्यावर दोनतीन मिलिमीटरचा जाड थर. घट्ट व्हायला पाचदहा मिनिटं. सोलताना शिरांच्या दिशेने सोला. आडवं ओढलं की शिरांच्या खाचांतले कण साच्याबरोबर निघून येतात.

सिलिकॉन चिकटच राहिलं, घट्ट झालंच नाही, अशी तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा दोष रबरी हातमोज्यांचा असतो. लॅटेक्समधल्या गंधकाने हे सिलिकॉन जमत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला. साच्याला सोन्याचा मुलामा देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात १० ते १५ किलोव्होल्टवर बघा. उठाव दाखवायला अमोनियम क्लोराइडची पांढरी धूळ द्यायची असेल तर ती साच्यावर द्या, मूळ दगडावर नको. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि दगडावर आम्ल सोडतं.

शिरांमधलं अंतर: सगळ्यात कामाचा आकडा, सगळ्यात जास्त चुकणारा

गवतांमध्ये प्रकाशसंश्लेषणाच्या दोन तऱ्हा आहेत, सी-३ आणि सी-४. सी-४ वाढीच्या हंगामातली उष्णता सुचवतं, म्हणून हा फरक हवामानासाठी कामाचा. सी-४ गवतात प्रत्येक हिरवी पेशी शिरेभोवतीच्या वेष्टनपेशींच्या जवळ असावी लागते, मध्ये जास्तीत जास्त एक पेशी. त्यामुळे सी-४ पात्यात शिरा दाट: दोन शेजारच्या शिरांच्या मध्यांमधलं अंतर बहुधा ०.१५ मिलिमीटरच्या आत. सी-३ मध्ये ते बहुधा ०.२ च्या वर. मधल्या पट्ट्यात दोन्ही सापडतात, तिथे हा आकडा एकटा निकाल देत नाही.

मोजताना पात्याच्या लांबीचा मधला तिसरा हिस्सा घ्या, मध्यशीर आणि दोन्ही कडा सोडा. शिरांना काटकोनात रेघ मारून सलग १० अंतरं एकत्र मोजा आणि दहाने भागा. असं पाच ठिकाणी. समजा दहा अंतरं १.३ मिलिमीटरमध्ये बसली, सरासरी ०.१३. सी-४ कडे कल. आता हाच ठसा जरा भरड गाळात आहे असं धरा. ठळक शिरा उमटल्या, त्यांच्यामधल्या बारीक शिरा उमटल्याच नाहीत. एक सोडून एक शीर हरवली तर तेच पातं ०.२६ दाखवेल आणि तुम्ही त्याला सी-३ म्हणाल. भरड दगडातली चूक नेहमी याच बाजूला जाते. म्हणून सी-४ असल्याचा दाट शिरांचा पुरावा मजबूत, पण विरळ शिरा दिसल्या म्हणून सी-४ नव्हतंच असं म्हणता येत नाही. साच्यात पेशींचे पट्टे दिसत असतील तर शिरेवरचा पट्टा आणि शिरांमधला पट्टा वेगळा ओळखून बारीक शिरांची खात्री करून घ्या.

दुसरी चूक उलट दिशेने जाते. पातं गाडलं जाण्याआधी वाळून आडवं आक्रसलं असेल तर अंतर कमी भरतं. गुंडाळलेल्या किंवा दुमडलेल्या पात्यावर तर मोजूच नका. खोळीवरही नाही, तिच्या शिरांची मांडणी पात्याहून वेगळी असते.

आक्रसण्याचा अंदाज पुस्तकात शोधण्यापेक्षा स्वतः काढावा. आजच्या २०-३० जातींची पाती, काही ताजी आणि काही वाळलेली, मऊ चिकणमातीत दाबा. माती वाळल्यावर पातं सोलून काढा आणि मातीवरच्या ठशाचा साचा घेऊन अंतर मोजा. मग तेच अंतर खऱ्या पात्यावर. हा संग्रह पुढे पेशी ओळखायलाही लागतो. आठवड्याभराच्या कामातून वर्षानुवर्षांचं मोजमाप सुधारतं.

पेशी काय सांगतात

गवताचं पर्णरंध्र डंबेलच्या आकाराच्या दोन रक्षकपेशींचं असतं, शिरांना समांतर ओळींत. त्यांच्या बाजूच्या साहाय्यक पेशी कधी त्रिकोणी, कधी घुमटासारख्या. शिरांवरच्या लहान सिलिकापेशींचा आकार उपकुळ सुचवतो. खोगिरासारखा आकार बहुधा क्लोरिडॉइड गटाचा, डंबेल किंवा क्रॉस बहुधा पॅनिकॉइडचा, नागमोडी कडांचा लांबट आकार पूइडचा. दोन पेशींची सूक्ष्म लव दिसली तर पूइड गट जवळजवळ बाद, त्यात ती नसते. ती आखूड नि फुगीर टोकाची असेल तर क्लोरिडॉइड, बोटासारखी लांब असेल तर पॅनिकॉइड.

उपकुळावरून सी-४ म्हणताना जपून. गवतांत सी-४ वीसहून जास्त वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झालं. क्लोरिडॉइड जवळजवळ सगळी सी-४ आहेत, पण पॅनिकॉइडांत दोन्ही तऱ्हा आहेत, आणि आजचं नातं कोट्यवधी वर्षं मागे तसंच लावता येत नाही. पात्याचा आडवा छेद मिळाला आणि शिरेभोवतीचं वेष्टन दिसलं तरच पुरावा पक्का. कॅलिफोर्नियातून वर्णन झालेलं मायोसीन काळातलं (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ) टॉमलिन्सोनिया हे सिलिका झालेलं गवत त्यामुळेच महत्त्वाचं. ठशात हा छेद मिळत नाही, म्हणून ठशाला सोबती लागतात.

दाट लव, पर्णरंध्रांवर झुकलेले फोड, खोल खाचांत लपलेली रंध्रं ही पाणी वाचवायची लक्षणं. पण खाऱ्या दलदलीतल्या आणि थंड वाऱ्याच्या डोंगरावरच्या गवतांतही ती दिसतात. त्यांच्या आधारावर 'पाण्याचा ताण' एवढंच लिहा, 'कमी पाऊस' नको. पर्णरंध्रांच्या घनतेवरून हवेतला कार्बन डायऑक्साइड काढायचा मोह होतो, पण नामशेष जातीसाठी आजचं प्रमाणीकरण उपलब्ध नसतं. फार तर त्याच प्रकारच्या पात्याचा एका थरातला आकडा दुसऱ्या थराशी ताडून बघा. पानांच्या कडांवरून तापमान काढायची पद्धत इथे लागूच होत नाही, ती द्विदल झाडांसाठी आहे.

ठशाच्या दगडातले फायटोलिथ

ठसा एका पात्याची गोष्ट सांगतो, फायटोलिथ आसपासच्या वनस्पतींची सरासरी. गवतं किती जुनी हे ठरवण्यातही या कणांनी मोठं काम केलं आहे: महाराष्ट्रातल्या पिसदुऱ्याच्या लमेटा थरांतल्या डायनासोरांच्या जीवाश्म विष्ठेतून गवताचे फायटोलिथ २००५ साली प्रसिद्ध झाले.

५ ते १० ग्रॅम दगड कुटून १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. धुवा. मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळा, धूर खेचणाऱ्या कपाटातच. २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या ५ टक्के द्रावणात ढवळून चिकणमाती वारंवार निथळा. उरलेला गाळ सोडियम पॉलिटंगस्टेटच्या २.३ ते २.३५ घनतेच्या जड द्रावणात सेंट्रिफ्यूजमध्ये १० मिनिटं फिरवा, वर तरंगतं ते फायटोलिथ. चुन्याचा अंश राहिला तर टंगस्टेटमध्ये पांढरा साका पडतो आणि महागडं द्रावण वाया जातं, म्हणून आम्लानंतर धुणं फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. द्रावण धातूच्या भांड्यात ठेवू नका, निळं पडतं. परागकणांच्या पद्धतीतलं हायड्रोफ्लोरिक आम्ल इथे चुकूनही नको, ते फायटोलिथच विरघळवतं.

गवताच्या लहान पेशींचे किमान २०० कण मोजा. खोगिरं भागिले खोगिरं, क्रॉस आणि डंबेल यांची बेरीज, गुणिले १००: हा कोरडेपणाचा निर्देशांक. पश्चिम आफ्रिकेत २० टक्क्यांच्या आसपास उंच आणि बुटक्या गवताच्या सॅव्हाना वेगळ्या पडतात. तोच उंबरठा दुसऱ्या खंडावर किंवा दुसऱ्या युगात जसाच्या तसा लावू नका. बांबूही खोगिरं बनवतो आणि काही पूइड गवतं डंबेलासारखे कण बनवतात. सामू ९ च्या वरच्या मातीत फायटोलिथ विरघळतात, त्यामुळे 'गवत नव्हतं' असं म्हणायच्या आधी उरलेल्या कणांच्या कडा खाल्लेल्या आहेत का ते तपासा.

कार्बनचा हिशेब

सी-३ वनस्पतींच्या ऊतीत कार्बन-१३ चं मूल्य (ठरलेल्या मानकापेक्षा त्याचं प्रमाण किती कमी-जास्त ते) सरासरी उणे २७ प्रतिहजार, सी-४ मध्ये उणे १२ ते १३. आम्लाने चुना काढून पापुद्रीचा किंवा दगडातल्या सेंद्रिय भागाचा नमुना प्रयोगशाळेत द्या. समजा उत्तर आलं उणे २०. टोकं उणे २७ आणि उणे १२ धरली तर सी-४ चा वाटा १५ पैकी ७, म्हणजे ४७ टक्के. पण पाण्याचा ताण सोसणारी सी-३ झाडं उणे २४ पर्यंतही जातात. ते टोक धरलं तर १२ पैकी ४, म्हणजे ३३ टक्के. दोन्ही आकडे छापा. एकच आकडा देणाऱ्याने टोकं कुठली धरली ते विचारा. त्या काळच्या हवेतल्या कार्बनचं मूल्यही आजच्याहून वेगळं होतं, त्याची दुरुस्ती टोकांना करावी लागते.

मातीतल्या चुन्याच्या गाठींचं मूल्य वनस्पतींपेक्षा सुमारे १५ ने जास्त असतं. पाकिस्तानातल्या शिवालिक थरांत सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी या गाठींची मूल्यं उणे १० च्या आसपासून शून्याजवळ सरकली. सी-४ गवतं पसरल्याची ती सगळ्यात ठळक नोंद आहे. फोर्ट टर्ननमध्ये मात्र पाती गवताची आणि गाठींचा कौल सी-३ चा. यात विसंगती नाही. सी-३ गवत, विरळ झाडी, किंवा दोन्ही, आणि मूठभर जागेत गवताचा दाट पट्टा, हे सगळं एकत्र बसतं.

सी-४ ठरलं तरी ते वर्षाची सरासरी किंवा कोरडेपणा सांगत नाही. ते सांगतं वाढीच्या हंगामातली उष्णता. उन्हाळा कडक पण पाऊस हिवाळ्यात अशा प्रदेशांत सी-३ गवतंच जास्त असतात. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड जितका जास्त तितका सी-४ चा फायदा कमी.

खालची माती

आता राखेत उभ्या गाडलेल्या गवताकडे परत येऊ. जुन्या मातीत वरच्या पृष्ठभागापासून चुन्याच्या गाठी किती खोल सुरू होतात यावरून वार्षिक पाऊस काढायचं, जुन्या मातींचे अभ्यासक रिटॅलॅक यांनी २००५ साली दिलेलं समीकरण आहे: पाऊस मिलिमीटरमध्ये = १३७.२४ + ६.४५ × खोली − ०.०१३ × खोलीचा वर्ग. खोली सेंटिमीटरमध्ये, चूक अधिकउणे १४७ मिलिमीटर. यातली सगळ्यात कच्ची कडी म्हणजे मातीचा वरचा पृष्ठभाग. पुराने वरची माती वाहून नेली असेल तर खोली कमी भरते आणि पाऊस खोटा कमी निघतो. पण पृष्ठभागावर गवताचा बुडखा उभा असेल तर वरची माती शाबूत आहे हे उघड दिसतं. पात्याची जात कळली नाही तरी एवढा एक पुरावा गवत देऊन जातं, म्हणून तिथे उभा छेद आधी आणि छिन्नी नंतर.

समजा गाठी ६० सेंटिमीटरवर आहेत. पाऊस येतो ४७७ मिलिमीटर. पण वरच्या थरांच्या ओझ्याने माती दबून मूळ जाडीच्या ८० टक्केच उरली असेल तर मूळ खोली ७५, आणि पाऊस ५४८. दाबाची दुरुस्ती विसरली की ७० मिलिमीटर गायब. उताराची जमीन, चुनखडीवर बनलेली माती आणि पाणथळ माती यांना हे समीकरण लावू नये.

मातीचा पोतही बघा. दाणेदार, भुसभुशीत वरचा थर आणि दोन मिलिमीटरहून बारीक मुळांचं दाट जाळं ही कुरणाची माती. जाड, फांद्या फुटलेली, विरळ मुळं ही झाडांची. करडी-हिरवी, गंजाच्या ठिपक्यांची माती आणि वर रुंद पात्याचं, जाड कांडीचं गवत असेल तर ते नळ-बोरूचं बन समजा, आजूबाजूला काहीही असो.

जुळवणी

एका कागदावर रकाने पाडा: थरातली स्थिती, शिरांचं अंतर, पेशी, फायटोलिथ, कार्बन, माती. प्रत्येक रकान्यात निष्कर्षासोबत तो किती मोठ्या जागेबद्दल बोलतो तेही लिहा. पातं आणि बुडखा काही मीटरबद्दल, माती काही हेक्टरबद्दल, वाहून आलेले फायटोलिथ सगळ्या पाणलोटाबद्दल. दोन रकाने भांडताना दिसले तर आधी जागेचा फरक तपासा, मग दगडाच्या भरडपणाचा, आणि त्यानंतरच पद्धतीवर शंका घ्या. अहवालात 'गवत होतं', 'गवताळ जागा होती' आणि 'गवताळ प्रदेश होता' ही तीन वेगळी वाक्यं आहेत. शेवटच्या वाक्याला एकाच पातळीवरच्या, दूरदूरच्या किमान तीनचार छेदांचा आधार हवा.

प्रत्येक थरातला निदान एक ठसा, त्याच्या अ आणि ब दोन्ही बाजू, साचा, डिंक किंवा धूळ न लावता वर्खात बांधून सार्वजनिक संग्रहात जमा करा. लेबलवर छेदातली उंची, थराचा कल, पाती कुठल्या दिशेने पडली होती आणि दगडाची वरची बाजू दाखवणारा बाण.